वर्षाच्या दहा हजार फुल्या

प्रश्न : क्रॉस स्टिचची मला फार हौस. दर वर्षी जानेवारीत ठरवते की यंदा राख्या, गणपतीचं तोरण, भाऊबीजेची भेट, भाचीच्या बाळाच्या बोरन्हाणाचं झबलं, सगळं हाताने भरून द्यायचं. प्रत्यक्षात दिवाळी येते तेव्हा एकटं तोरणच अर्धवट भरून रिंगेत अडकलेलं असतं. मैत्रिणी म्हणतात, नियोजन कर. पण भरतकामाचं नियोजन म्हणजे नेमकं मोजायचं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फुल्या मोजायच्या. आपण यादी करतो ती वस्तूंची. यादीत राखी एक ओळ घेते आणि तोरणही एकच ओळ घेतं, पण दोन्हींच्या कष्टांत जवळजवळ नऊपट फरक असतो. तुमची दिवाळी या फरकात अडकते, आळसात नाही.

आधी स्वतःचा वेग काढा. घड्याळ लावून एक तास रोजच्यासारखं भरायला बसा. टीव्ही लावून भरायची सवय असेल तर टीव्हीही चालू ठेवा. तासाने उठून फुल्या मोजा. बसलेल्या हाताच्या साधारण शंभर होतात. दर दहा फुल्यांना रंग बदलावा लागत असेल तर बऱ्याच कमी. आता आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास मिळतो असं धरा, म्हणजे आठवड्याला अडीच तास. वर्षाचे आठवडे बावन्न असले तरी गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, पाहुणे आणि आजारपण वजा केलं की चाळीस धरावेत. चाळीस आठवडे म्हणजे शंभर तास, आणि शंभर तास म्हणजे दहा हजार फुल्या. हे तुमचं वर्षाचं भांडवल. पूर्ण भरीव निसर्गचित्र दोनशे बाय दीडशे चौकटींचं असेल तर त्याच्याच तीस हजार होतात. ते चित्र तुम्ही जरूर करा, मात्र कुठल्याही सणाच्या तारखेला बांधू नका. ते तीन वर्षांचं काम आहे.

तुमच्या यादीकडे या नजरेने बघू. राखीवरची नक्षी वीस बाय वीस चौकटींची धरली तर चारशे फुल्या, चार राख्यांच्या सोळाशे. तोरण सलग पट्टीचं न करता पाच सुट्या पानांचं करा. इंचाला अकरा चौकटींच्या मॅटीवर तीन बाय चार इंचाचं पान म्हणजे तेहेतीस बाय चव्वेचाळीस. त्यातली साधारण अर्धी जागा भरायची, म्हणून पानाला सातशे आणि पाच पानांना साडेतीन हजार. झबल्याच्या काठाला नऊशे पुरतात. भाऊबीजेच्या दोन कापडी पाकिटांना मिळून दोन हजार. बेरीज आठ हजार. उरलेल्या दोन हजारांना हात लावू नका. वर्षात एखादं बारसं निघतंच, आणि चौकट चुकली म्हणून उसवावं लागतंच.

या फुल्या वर्षात मांडताना आपल्या पंचांगाचा एक पेच लक्षात घ्यावा लागतो. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते आणि वसईत किंवा गोव्यात नाताळच्या भेटी करणाऱ्यांना २५ डिसेंबर पक्का असतो. बाकीचे सण सरकतात. अधिक महिना नसेल तर आदल्या वर्षीपेक्षा दहा-अकरा दिवस आधी, असेल तर अडीच-तीन आठवडे उशिरा. गणेश चतुर्थी २०२५ साली २७ ऑगस्टला होती. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, म्हणून ती १४ सप्टेंबरला. राखी पौर्णिमाही तशीच ९ ऑगस्टवरून २८ ऑगस्टला गेली. म्हणून गेल्या वर्षीचा आराखडा तसाच उतरवून घेऊ नका. नवं कॅलेंडर घरात आलं की सणांच्या तारखांपासून मागे मोजत या.

मागे मोजताना आणखी तीन आठवडे सोडा. टाके संपले म्हणजे वस्तू संपली असं आपण मानतो आणि तिथेच फसतो. धुणं, इस्त्री, अस्तर, झालर, लोलक, राखीचा गोंडा, फ्रेमवाल्याकडची फेरी, या सगळ्याला वेळ लागतो आणि त्याच दिवसांत घर फराळाच्या तयारीत असतं.

मी तुमच्या जागी असते तर फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत राख्या संपवल्या असत्या. तिथून जूनअखेरपर्यंत तोरण, कारण उन्हाळ्यात खिडकीशी उजेड भरपूर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये भाऊबीजेची पाकिटं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत सुई हातात घ्यायचीच नाही. तुळशीच्या लग्नानंतर झबलं. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येतं, त्यामुळे त्या कामाला जानेवारीतही थोडी सवड राहते. पावसाळ्यात एक सांभाळा : काम थांबवताना सुई कापडात टोचून ठेवू नका. दमट हवेत ती गंजते आणि गंजाचा डाग निघत नाही.

झबलं काळं असणार, आणि काळ्या कापडावर भोकं दिसत नाहीत. मांडीवर पांढरा टॉवेल पसरून बसा, भोकांतून पांढरं दिसायला लागतं. झबल्याचं कापड मऊ, चौकटी नसलेलं असेल तर त्यावर मॅटीचा तुकडा कच्च्या टाक्यांनी बसवा, दोन्ही थरांतून फुल्या भरा, मग मॅटीचे धागे एकेक करून ओढून काढा. नक्षी खालच्या कापडावर उरते. इथे सुई मात्र टोकदार हवी. एरवी मॅटीवर बोथट टोकाची चोवीस नंबरची सुईच बरी.

खरेदी एकदाच आणि मोजून करा. तुळशीबागेत घ्या नाहीतर गावातल्या दुकानात, मॅटी घेताना पट्टी सोबत न्या आणि एका इंचात किती चौकटी बसतात ते उभं आणि आडवं, दोन्ही बाजूंनी मोजा. दोन्ही आकडे सारखे नसतील तर ते कापड घेऊ नका. कागदावरचा गोल त्यावर अंडाकृती होईल. दोऱ्याची लडी आठ मीटरची आणि सहा पदरी असते. इंचाला चौदा चौकटींच्या कापडावर दोन पदर वापरतात, म्हणजे एका लडीतून चोवीस मीटर निघतात. एका फुलीला पुढचं-मागचं मिळून जेमतेम नऊ मिलिमीटर दोरा लागतो. हिशेबाने सव्वीसशेच्या वर फुल्या व्हाव्यात, पण सुरुवातीची-शेवटची टोकं आणि उसवण धरून मी सोळाशेच धरते. पार्श्वभूमीचा रंग असेल तर सगळ्या लड्या एकाच वेळी घ्या. नंबर तोच असला तरी नंतर आणलेल्या लडीची छटा किंचित वेगळी निघू शकते.

नक्षीबद्दल एक आग्रह आहे. बाजारात मिळणारे बरेचसे ग्राफ हरणं, सूचिपर्णी झाडं आणि लाकडी घरांचे असतात. दिवाळीच्या पाकिटावर ते का भरायचे? धारवाडकडच्या कशिद्यात, म्हणजे कसुतीत, धागे मोजूनच काम होतं आणि तिच्या चार टाक्यांपैकी मेंथी हा तर फुलीचाच टाका. तुळशी वृंदावन, गोपुर, पालखी, रथ, अंबारीचा हत्ती असे आकार तिथे तयार आहेत. घरात जुनी कशिद्याची इरकल असेल तर पदर उलगडा, मुलाची चौकटींची वही घ्या आणि एक वृंदावन उतरवून काढा. आपल्या भेटवस्तूंवर आपल्या अंगणातलं काहीतरी असावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : बाळाचं नाव मराठीत भरायचं आहे. इंग्रजी अक्षरांचे ग्राफ ढिगाने मिळतात, मराठीचे नाहीत. कसं करू?
– एक आजी, सांगली

उत्तर : स्वतः काढा. दिसतं तितकं ते अवघड नाही. अक्षराच्या अंगाला सात चौकटी उंची द्या, शिरोरेषेला एक, वरच्या मात्रा-वेलांट्यांना तीन आणि खालच्या उकारांना तीन. एकूण चौदा. चौदाच्या कापडावर नाव बरोबर एक इंच उंच येतं. नावात उकार नसला तरी खालच्या तीन चौकटी सोडाच; उद्या दुसऱ्या नातवंडाचं नाव खाली भरायचं झालं तर ओळी एकमेकींना भिडत नाहीत.

शिरोरेषा फुलीच्या टाक्याला फार सोयीची, सरळ ओढत न्यायची. अडचण गोलाईची. क, ळ, श यांचे वळसे सात चौकटींत पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. तिथे एका पदराची उलटी टीप घालून कडा गोल करा. जोडाक्षर असेल, समजा प्राजक्ता, तर तेवढ्यापुरती रुंदी वाढवा, अक्षर दाबू नका. आधी संपूर्ण नाव वहीवर काढून भिंतीला टेकवा आणि चार पावलं मागे जाऊन वाचा. तुम्हाला वाचता आलं तर कापडावरही वाचता येईल. आणि सगळ्या फुल्यांचा वरचा पाय एकाच दिशेला ठेवा. अक्षरांत एकही उलटी पडली तर उजेडात लगेच डोळ्यांत भरते.

प्रश्न : पुतणीच्या मुलीच्या बारशासाठी चौकट भरायला घेतली होती. आता मुलगी चालायला लागली. अजून पूर्ण करून देण्यात अर्थ आहे का?
– एक काकू, डोंबिवली

उत्तर : आहे, अगदी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बॉस्टॉक नावाच्या बाईने भरलेला टाक्यांचा एक नमुना आहे. ब्रिटनमधल्या तारीख असलेल्या अशा नमुन्यांत तो सर्वांत जुना मानतात. त्यावर साल आहे १५९८. आणि त्यावर जन्माची जी नोंद भरली आहे, ती ॲलिस ली नावाच्या मुलीची, २३ नोव्हेंबर १५९६, मंगळवार दुपारची. ते कापड भरून झालं तेव्हा ती मुलगी दीड-दोन वर्षांची असणार. चार शतकांनंतर तिचा जन्मवार आपल्याला ठाऊक आहे, तो या उशिरा पुऱ्या झालेल्या कापडामुळे.

तेव्हा तुम्हीही दोन्ही तारखा भरा, जन्माची आणि काम संपल्याची. दुसरीसाठी खालच्या उजव्या कोपऱ्यात पंधरा चौकटी रुंद आणि पाच उंच एवढी जागा आजच राखून ठेवा. एक आकडा तीन चौकटींत बसतो, मध्ये एकेक सोडली की सालाचे चारही आकडे मावतात. चौकट पूजेच्या खोलीत लागणार असेल तर काच जरूर लावा. हळदीचा डाग मॅटीवरून निघत नाही. फ्रेमला देण्याआधी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा. लाल दोरा असेल तर थंड पाणीच वापरा, आणि रंग सुटायला लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळत राहा, मध्येच वाळू देऊ नका. पिळू नका. जाड टॉवेलवर नक्षी खाली करून उलट्या बाजूने इस्त्री फिरवा, म्हणजे फुल्या दबणार नाहीत.