ट्रामच्या फोटोतली जागा कशी ओळखावी?

प्रश्न : घरात मुंबईच्या ट्रामचा जुना फोटो सापडला. मागे काहीच लिहिलेलं नाही. जागा कशी शोधू?

उत्तर : आधी काळ ठरवा. घोडे जुंपलेले असतील तर फोटो साधारण 1874 ते 1905 मधला. डोक्यावर विजेची तार असेल तर 1907 ते 1964 मधला. दुमजली ट्राम 1920 पासूनची. मग दुकानांच्या पाट्या सोडून वरचे मजले, घुमट, मनोरे पाहा. ते सहसा बदलत नाहीत. बोरीबंदर स्थानकासमोर महापालिकेची इमारत दिसत असेल, तर फोटो 1893 च्या आधीचा असणं कठीण. वाहनं उजवीकडून जाताना दिसली, तर पाट्यांवरची अक्षरं तपासा. ती उलटी असतील, तर फोटोच उलटा छापलाय!