रॉकेट्सच्या गप्पांत सामील होण्याची कृती

ओहायो राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, मॉमी नदी ईरी सरोवराला मिळते तिथे टोलीडो वसलं आहे. काचेच्या कारखान्यांसाठी नावाजलेलं शहर. उत्तरेला तासाभराच्या आत अ‍ॅन आर्बरचं मिशिगन विद्यापीठ, दक्षिणेला अडीचेक तासांवर कोलंबसचं ओहायो स्टेट. दोघांचीही मैदानं लाखभर प्रेक्षकांची, त्यामुळे गावातली कितीतरी घरं या किंवा त्या बलाढ्य संघाची. आणि तरीही गावात टोलीडो विद्यापीठाच्या ‘रॉकेट्स’चे स्वतःचे लोक आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे.

आपली मराठी मुलं एमएस करायला अशाच मधल्या आकाराच्या विद्यापीठांत जातात. ऑगस्टमध्ये पोचतात, आणि सप्टेंबर लागला की लॅबमध्ये, बसमध्ये, दुकानाच्या रांगेत अमेरिकन फुटबॉल सुरू होतो. नोव्हेंबरात बास्केटबॉलची भर पडते. मार्चपर्यंत दुसरा विषय नाही. या गप्पांच्या बाहेर राहिलं की त्या गावात पाहुण्यासारखं राहणं होतं, म्हणून ही कृती. मी ती टोलीडोवर बेतली आहे. केंट, अ‍ॅक्रन किंवा बॉल स्टेटला असाल तर नावं बदलून घ्या.

साहित्य: हंगामाचं वेळापत्रक, ‘ब्लेड’ या स्थानिक वृत्तपत्राचं क्रीडा पान, एक गडद निळा किंवा सोनेरी शर्ट, विद्यार्थी ओळखपत्र (त्यावर तिकिटाची काय सोय आहे ते तिकीट खिडकीवर आधीच विचारून घ्या), आणि जाड हातमोजे.

१. नियम कामापुरतेच शिका. चार प्रयत्नांत, म्हणजे चार ‘डाउन’मध्ये, चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, नेला की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. टचडाउनचे ६ गुण, त्यानंतरच्या किकचा १, फील्ड गोलचे ३. सुरुवातीला एवढं पुरे. पेनल्ट्यांची यादी पाठ करत बसू नका, ती ऐकून ऐकून येते. लक्ष ठेवायचं ते चौथ्या डाउनवर. दोन यार्ड हवे आहेत, चेंडू मैदानाच्या मध्यावर आहे: लाथेने लांब पाठवून द्यायचा, की धोका पत्करायचा? सोमवारी सकाळी जे वाद होतात त्यांतले निम्मे या एका निर्णयावरचे असतात. त्या क्षणी तुम्ही काय केलं असतं ते सामना चालू असतानाच ठरवून ठेवा. निकाल कळल्यावर बनवलेलं मत तिथले जुने चाहते लगेच ओळखतात.

२. मग शेजारी ओळखा. आंतरराज्य महामार्ग ७५ ने दक्षिणेला जेमतेम अर्ध्या तासावर बोलिंग ग्रीन आहे. तिथल्या विद्यापीठाचा संघ म्हणजे फाल्कन्स, रंग नारिंगी आणि तपकिरी. त्यांच्याशी होणाऱ्या सामन्याला महामार्गाचंच नाव आहे: ‘बॅटल ऑफ आय-७५’. टोलीडोच्या ‘ग्लास बाउल’ मैदानाबाहेर एक क्षेपणास्त्र उभं आहे, आणि त्याचं तोंड बोलिंग ग्रीनच्या मैदानाकडे आहे असं गावात सांगतात. त्या आठवड्यात नारिंगी कपडा घालू नका. ओहायो स्टेट जिंकलं की हरलं, हा प्रश्न रॉकेट्सच्या माणसाला पहिला विचारू नका. बोलिंग ग्रीनच्या सामन्याचं काय वाटतं, ते विचारा. माझ्या मते ही कृतीतली सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे. प्रादेशिक संघाचा चाहता देशाच्या विजेतेपदाची स्वप्नं पाहत बसत नाही. शेजाऱ्याला हरवायचं, आपली कॉन्फरन्स, म्हणजे ठरावीक विद्यापीठांची साखळी, जिंकायची आणि एखाद्या वर्षी बड्याला लोळवायचं, ही त्याची मापं असतात. त्याच्याशी बोलताना हीच मापं वापरावीत.

३. एक जुनं नाव मनापासून शिका: चक ईली. १९६९ ते १९७१ या तीन हंगामांत टोलीडो एकही सामना हरलं नाही. ३५ सामने, ३५ विजय, आणि त्या सगळ्या काळात क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, हा एकच. ओहायो नदीकाठच्या पोर्ट्‌स्मथ गावचा कृष्णवर्णीय मुलगा. त्याआधी शाळेच्या संघातही क्वार्टरबॅक म्हणून तो हरलेला नव्हता. आपण क्वार्टरबॅक म्हणूनच खेळणार, असं त्याने व्यावसायिक संघांना कळवलं होतं; ती जागा कृष्णवर्णीय खेळाडूला द्यायला त्या काळचे संघ नाखूश असत. १९७२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. तो कॅनडात हॅमिल्टनला गेला आणि पहिल्याच वर्षी तिथल्या संघाला कॅनडाच्या विजेतेपदाचा ग्रे कप मिळवून दिला. टोलीडोतल्या एखाद्या वयस्क माणसाला ईलीबद्दल विचारा आणि ऐकत राहा. तासभर तुम्हाला बोलावं लागणार नाही, आणि त्या तासात शहर जेवढं कळेल तेवढं एरवी वर्षभरात कळत नाही.

४. बड्यांविरुद्धचे सामने नीट समजून घ्या. श्रीमंत विद्यापीठं लहान संघांना भरघोस रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. दहा लाख डॉलरांच्या पुढचे करारही होतात. त्या पैशांवर लहान विद्यापीठाच्या इतर खेळांचा खर्च निघायला मदत होते. यजमानांची अपेक्षा असते सोप्या विजयाची. पण टोलीडोने २००० मध्ये पेन स्टेटला त्यांच्या मैदानावर २४-६ असं हरवलं, २००८ मध्ये अ‍ॅन आर्बरला जाऊन मिशिगनला १३-१०, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मिसिसिपी स्टेटला ४१-१७. त्याच महिन्यात, तेव्हा टोलीडोच्याच कॉन्फरन्समध्ये असलेल्या नॉर्दर्न इलिनॉयने नोत्र दामला १६-१४ असं हरवलं. हे आकडे लक्षात असू द्या, पण सामन्याआधी ‘आपण जिंकणारच’ असं म्हणू नका. चौथ्या क्वार्टरपर्यंत आपली आघाडीची फळी टिकेल का, हे विचारा. धिप्पाड संघापुढे लहान संघ बहुधा तिथेच मोडतो, आणि जाणकार माणूस उत्तरही तिथूनच सुरू करतो.

५. मैदानाबाहेरच्या मेजवानीला, म्हणजे टेलगेटला, बोलावलं तर जा. रिकाम्या हाताने मात्र जाऊ नका. शाकाहारी असाल तर आपला डबा न्या आणि तो सगळ्यांपुढे उघडा.

६. नोव्हेंबरात मंगळवार-बुधवारच्या रात्री मोकळ्या ठेवा. शनिवारचा टीव्ही बडे संघ व्यापून टाकतात, म्हणून टोलीडोची मिड-अमेरिकन कॉन्फरन्स (मॅक) आठवड्याच्या मधल्या रात्री खेळते आणि देशभर दिसते. याला ‘मॅक्शन’ म्हणतात. सरोवरावरून येणारा वारा हाडांत शिरतो; हातमोजे यासाठीच. या दिवसांत मोजायची गोष्ट म्हणजे विजय. बारा सामन्यांत सहा झाले की संघ मोसमाअखेरच्या ‘बाउल’ सामन्याला पात्र ठरतो. बाउल लहान असला म्हणून त्याला कमी लेखू नका. २६ डिसेंबर २०२४ ला डेट्रॉइटमध्ये टोलीडोने पिट्सबर्गला सहा ओव्हरटाइमनंतर ४८-४६ असं हरवलं. त्या रात्री जे जागे होते ते ती गोष्ट अजून खेळी-खेळीने सांगतात.

७. आता बास्केटबॉल. इथे दुःख समजून घ्यावं लागतं. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ असतात, पण अशा कॉन्फरन्सला बहुतेक वर्षी एकच जागा मिळते, आणि ती जाते क्लीव्हलंडला होणाऱ्या कॉन्फरन्स स्पर्धेत तीन दिवसांत तीन सामने जिंकणाऱ्याला. हिवाळाभर केलेली कमाई तिथे कामी येत नाही. २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं टोलीडोचे पुरुष साखळीत पहिले आले आणि चारही वेळा क्लीव्हलंडहून रिकाम्या हाताने परतले. एका संध्याकाळी तीन गुणांचे फटके बसले नाहीत की वर्ष संपतं. त्यामुळे फेब्रुवारीत ‘आपण पहिले आहोत’ याचा आनंद जरूर करा, पण मार्चबद्दल बढाई मारू नका. आणि हरल्यानंतर ‘पुढच्या वर्षी’ असं लगेच म्हणू नका. दोन दिवस थांबा.

महिला संघाचे सामने चुकवू नका, हे मी आग्रहाने सांगते. अनेक चाहते फक्त पुरुषांचं बोलतात आणि या गावातली सगळ्यांत सुंदर संध्याकाळ विसरतात. २०११ मध्ये सॅव्हेज अरीनात, घरच्या प्रेक्षकांपुढे, टोलीडोच्या मुलींनी साउदर्न कॅलिफोर्नियाला ७६-६८ असं हरवून महिलांची राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा जिंकली. इस्रायलहून आलेल्या नामा शफीरने एकटीने ४० गुण केले. धार्मिक संकेत पाळून ती जर्सीखाली बाह्यांचा टी-शर्ट घालून खेळत असे, आणि गावाने तिला आपलंसं केलं होतं.

८. निघून जाणाऱ्यांबद्दल जपून बोला. निक सेबन टोलीडोत १९९० चा एकच हंगाम प्रशिक्षक होते. अर्बन मायर बोलिंग ग्रीनला दोन हंगाम. दोघेही पुढे देशातल्या सर्वांत यशस्वी प्रशिक्षकांत गणले गेले. आता खेळाडूही जातात. २०१८ पासून ‘ट्रान्स्फर पोर्टल’, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आहे, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला मोठ्या विद्यापीठाने बोलावलं आणि तो गेला, तर त्याला गद्दार म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आपली मुलंही चांगल्या संधीसाठीच घर सोडून तिथे गेलेली असतात. त्याने इथे काय केलं ते बोला. क्विन्यन मिचेलसारखे काही थांबतातही: तो टोलीडोतच राहिला आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाने त्याला पहिल्या फेरीत घेतलं. असा खेळाडू डोळ्यांसमोर घडताना पाहणं हा लहान संघाच्या चाहत्याचा हक्काचा आनंद आहे.

तिथे नव्याने पोचला असाल तर बोलिंग ग्रीनच्या सामन्याची तारीख आजच शोधून लिहून ठेवा, आणि त्या दिवशी सबमिशन आलंच तर ते आदल्या रात्री उरकून टाका.