इंग्रजीत ‘बसा’ कसं म्हणायचं

‘मला इंग्रजी येत नाही’ हे वाक्य आधी टाकून दे बघू. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली, आणि तू त्याच्या नंतरची. पहिलीपासून बारावीपर्यंत इंग्रजीचं पुस्तक दप्तरात होतं. डीएमएलटीची, म्हणजे लॅबच्या डिप्लोमाची, पुस्तकं तर सगळी इंग्रजीतूनच वाचलीस. हैदराबादच्या लॅबमध्ये तुला घेतलं ते काही उगं नाही घेतलं. अडतंय ते फक्त समोर माणूस आल्यावर. आधी मनात मराठी वाक्य तयार होतं, मग तू त्याचं इंग्रजी करतेस, मग काळ बरोबर आहे का तपासतेस, आणि तोवर समोरचा पुढचं बोलायला लागलेला असतो.

यात तुझा दोष नाही गं. आपल्याला शिकवलंच तसं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून मराठी घरांत इंग्रजी आलं ते भाषांतराच्या वाटेनं. मराठी वाक्य द्यायचं, त्याचं इंग्रजी मागायचं. त्या वाटेनं कितीतरी लोक इंग्रजी वाचायला-लिहायला शिकले आणि मला त्या पुस्तकाबद्दल आदरच आहे. पण लिहिताना थांबून विचार करता येतो. बोलताना तेवढी उसंत कोण देतं?

आता आपल्या नायगावकडंच बघ. नांदेडहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव आपलं. धर्माबादच्या मिरची बाजारात जाणाऱ्या आपल्या बायाबापड्यांनी तेलुगूचं व्याकरण कधी पाहिलं? ‘एंत’ म्हणजे भाव विचारायचा, ‘सरे’ म्हणजे सौदा पटला, ‘तेलियदु’ म्हणजे मला माहीत नाही. तेवढ्यावर सुरुवात केली, आणि वर्षा-दोन वर्षांत भांडण्याइतकी तेलुगू आली. दखनीतलं ‘हौ’ आणि ‘नक्को’ तर आपल्या तोंडात जन्मापासूनच. त्याआधीच्या पिढीचं सांगायचं तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. शाळा-कचेरीत उर्दू, घरात मराठी, बाजारात तेलुगू. ती माणसं एकाच दिवशी तिन्ही भाषा बोलायची, आणि एकीचं दुसरीत भाषांतर करत बसायची नाहीत. ज्या ठिकाणी जे बोलतात ते अख्खं उचलायचं आणि तिथंच वापरायचं. मायकेल लुईस नावाच्या इंग्रज शिक्षकानं १९९३ साली ‘द लेक्सिकल अप्रोच’ हे पुस्तक लिहून शिक्षकांना हेच सांगितलं, की बोलणारा माणूस शब्दाला शब्द जोडत बसत नाही, तयार तुकडेच्या तुकडे काढून वापरतो. ते पुस्तक तुला वाचायची गरज नाही. तुझ्या रक्तातच आहे ते.

म्हणून माझं ऐक, ‘रोजच्या वापरातली हजार वाक्यं’ असली पुस्तकं घेऊ नकोस. त्यात विमानतळ असतो, हॉटेल असतं, तुझा पेशंट नसतो. तू दिवसभर काय करणार? रक्त घेणार. मग तिथली वाक्यं घे. पेशंट आला की ‘प्लीज हॅव अ सीट.’ नाव पक्कं करायचं तर ‘कुड यू टेल मी युवर फुल नेम, प्लीज?’ उपाशीपोटीची तपासणी असेल तर नुसतं ‘फास्टिंग?’ विचारू नकोस, घाबरलेला माणूस मान हलवून मोकळा होतो. ‘व्हेन डिड यू लास्ट ईट?’ असं विचार, म्हणजे खरी वेळ कळेल. बाही वर करायला ‘कुड यू रोल अप युवर स्लीव्ह?’, मूठ वळायला ‘मेक अ फिस्ट, प्लीज.’ सुई टोचायच्या आधी ‘जस्ट अ स्मॉल प्रिक’, झालं की ‘ऑल डन.’ रिपोर्ट कधी म्हणून विचारलं तर ‘इट विल बी रेडी बाय ईव्हनिंग.’ एवढ्यात एक पेशंट आत येऊन बाहेर गेला की नाही? दिवसभर हेच परत परत म्हणायचंय. आठ दिवसांत जिभेवर बसेल.

आता ऐक, ही गोष्ट मला कुणी शिकवली नाही, पण मला सगळ्यात मोलाची वाटते. आपण मराठीत आदर क्रियापदात ठेवतो. लहान पोराला ‘बस’, मोठ्या माणसाला ‘बसा’. एका काना-मात्रेत सगळं आलं. इंग्रजीत ती सोयच नाही. लेकरालाही ‘यू’, साहेबालाही ‘यू’. म्हणून आपली मुलगी मनात ‘बसा’ म्हणते आणि तोंडातून ‘सिट’ निघतं. ‘हात द्या’ म्हणायचं असतं आणि ‘गिव्ह हँड’ म्हणून मोकळी होते. मनातला आदर वाटेतच गळून पडतो, आणि समोरच्याला वाटतं, ही हुकूम सोडायलीय. इंग्रजीत आदर क्रियापदाच्या बाहेर, वाक्याच्या सुरुवातीला राहतो. ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘कॅन आय’. तुझ्या तोंडात ‘अहो’ जितकं सहज येतं तितकं सहज हे यायला पाहिजे.

‘कुड’ म्हणजे भूतकाळ ना, मग आत्ताच्या कामाला कसा, हे तू विचारणारच. अगं, आपणही तेच करतो. शेजारच्या काकूंच्या दारात उभं राहून आपण काय म्हणतो? ‘काकू, जरा काम होतं.’ काम काही होऊन गेलेलं नसतं, आत्ताच असतं. एकदम अंगावर जाऊ नये म्हणून आपण ते एक पाऊल मागं नेऊन ठेवतो. इंग्रज माणूसही ‘आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग’ म्हणतो तेव्हा असाच दारात उभा असतो. सीनियर मॅडमकडे सुट्टी मागायला जाशील तेव्हा हेच वाक्य घेऊन जा. एरवी ‘आय वॉन्ट लीव्ह’ असं धाडकन तोंडातून निघेल आणि त्या का रागावल्या ते तुला कळणार नाही.

दुसरं, आपल्या देशी इंग्रजीतले काही शब्द बाहेर वेगळे पडतात. हैदराबादच्या दवाखान्यांत आफ्रिकेतून, आखाती देशांतून पेशंट येतात, म्हणून सांगते. आपण सगळे ‘आय पास्ड आऊट इन २०२४’ म्हणतो. आपल्याकडे त्याचा अर्थ शिक्षण पुरं झालं. बाहेरच्या माणसाला ऐकू येतं की तू बेशुद्ध पडलीस. मुलाखतीत त्यानं काही बिघडत नाही, तिथं सगळे आपलेच. पण उलटं झालं तर बिघडतं. हातात सुई असताना पेशंट हळूच म्हणाली, ‘आय माइट पास आऊट’, तर तिची परीक्षा चाललीय असं समजून हसू नकोस. तिला भोवळ येतेय. सुई काढ, टोचलं तिथं कापूस दाब, तिला आडवी कर, कुणाला तरी हाक मार. ‘आय फील फेंट’ म्हणजेही तेच. ‘आय थ्र्यू अप’ म्हणजे उलटी झाली, काही फेकलं नाही तिनं. तू ही वाक्यं बोलली नाहीस तरी चालेल, पण ऐकल्याबरोबर ओळखू आली पाहिजेत.

आणि ऐकायलाच जास्त जड जाणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. आपण मराठीत प्रत्येक अक्षर नीट उच्चारतो. इंग्रजी बोलणारा एका शब्दावर जोर देतो आणि बाकीचे गिळतो. ‘डिड यू’चं ‘डिज्जू’ होतं, ‘डोन्ट नो’चं ‘डनो’. पुस्तकात ओळखीचं असलेलं वाक्य कानाला अनोळखी लागतं. तेव्हा ‘व्हॉट?’ म्हणू नकोस, ते ‘काय?’ म्हणून खेकसल्यासारखं ऐकू येतं. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ म्हण. दुसऱ्यांदाही नाही कळलं तर ‘अ लिटल स्लोअर, प्लीज.’ यात लाज कसली? कळलं नसताना ‘येस येस’ म्हणण्यात मात्र धोका आहे. लॅबमध्ये तर फारच.

लाजेचं माहीत आहे मला. शहरात गेल्यावर आपलं ‘करायलीस’, ‘बोलायलीस’ ऐकून हसणारे भेटतात, आणि मग वाटतं, इंग्रजीत तर आणखी हसतील. तुझा नायगावचा सूर राहू दे. तू गोऱ्या मॅडमसारखं बोलावंस असं मला वाटतच नाही. पेशंटला कळलं पाहिजे आणि धीर वाटला पाहिजे, बस. हॉस्टेलवर कुणी मराठी मुलगी ‘नायगाव म्हणजे सावित्रीबाईंचं का?’ विचारेल. ‘नो, दॅट्स इन सातारा. माइन इज निअर नांदेड’ म्हण, आणि गप्पा तिथं थांबवू नकोस, ‘व्हॉट अबाउट यू?’ असं लगेच विचार. त्या दुसऱ्या नायगावच्या सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका असं सांगितलंय. ज्या काळात मुलीनं पाटी हातात धरली तरी गाव उठायचं, त्या काळात. मला ते आठवलं की बळ येतं.

सराव कसा करायचा ते सांगते. बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ नावाचा कार्यक्रम फुकट ऐकता येतो, बोललेलं लिहूनही दिलेलं असतं. अख्खा भाग ऐकू नकोस, एक मिनिट पुरे. आधी वाचून ऐक, मग न वाचता ऐक, मग त्यांच्या बरोबरीनं मोठ्यानं म्हण, चाल आणि थांबे त्यांचेच. दारं लावून घे, आईला वाटेल पोरगी कुणाशी भांडायलीय. आणि वहीत वाक्याच्या पुढं मराठी अर्थ लिहू नकोस. ते कुठं आणि कुणाला म्हणायचं तेवढं लिही. ‘पेशंट रडवेली असेल तर : टेक युवर टाइम.’ असं.

नोकरीवर जायच्या आधीचे रविवार माझ्याकडं दे. संध्याकाळी फोन कर. मी पेशंट होणार, आणि चांगली पेशंट होणार नाही, सांगून ठेवते. भराभर बोलेन, मध्येच घाबरेन, रिपोर्ट आत्ताच पाहिजे म्हणून हट्ट धरेन. पहिल्या रविवारी फक्त नाव विचारण्यापासून ‘ऑल डन’पर्यंत. वही जवळ ठेव, पण बघून वाचायचं नाही.