ज्याची मेमरी त्यालाच परत

लखनौ छावणीतल्या सदर बाजारात एका छोट्या फर्मच्या सर्व्हरचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सोबत सी भाषेतला एक जुना प्रोग्रामही आला. कायम चालू राहणारा. सामायिक फोल्डरमध्ये नवी फाइल आली की अकाउंटंटला ती वाचायची परवानगी द्यायची आणि लॉगमध्ये नोंद करायची, एवढंच त्याचं काम. पण त्याची मेमरी फुगतच जायची, आणि संपली की लिनक्स तो बंद पाडायचं. तो रोज रात्री रिस्टार्ट व्हावा म्हणून कोणीतरी क्रॉन जॉब लावून ठेवला होता. असा उपाय कधी करू नका. दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

मेमरीची गळती शोधणारं व्हॅलग्राइंड लावल्यावर दोन जागा सापडल्या. एसीएल_गेट_फाइलने आणलेली फाइलच्या परवानग्यांची यादी (एसीएल) आणि एसीएल_टू_टेक्स्टने लॉगसाठी बनवलेली स्ट्रिंग. दोन्ही फंक्शनं दर फाइलमागे नवी मेमरी घेतात. ती कुठेच सोडलेली नव्हती. स्ट्रिंगच्या खाली साधा फ्री लिहून कमेंट केलेला होता. तो चालू करून पाहिला, तर प्रोग्राम ‘फ्री(): इनव्हॅलिड पॉइंटर’ म्हणत जागीच कोसळला. लिबएसीएल लायब्ररी घेतलेल्या तुकड्याच्या सुरुवातीला स्वतःची खूण ठेवते आणि आपल्या हाती त्यापुढचा पत्ता देते. मॅलॉकने दिलेला पत्ता तो नव्हेच. तिथे एसीएल_फ्रीच लागतं. एसीएल_गेट_क्वालिफायरचंही तसंच. एसीएल_गेट_पर्मसेट मात्र यादीच्या आतलाच पत्ता देतं. तो वेगळा सोडायचा नाही, आणि यादी सोडल्यावर वापरायचाही नाही.

नवी यादी करायची असेल तर एसीएल_इनिटला नोंदींचा आकडा द्या. मालक, गट, इतर, अकाउंटंट आणि मास्क, अशा 5. मास्क द्यायचा राहिला तर यादी अवैध ठरते. इनिटने नल दिला का, हे लगेच तपासा. पुढे एसीएल_क्रिएट_एंट्रीला यादीच्या व्हेरिएबलचा पत्ता द्यावा लागतो, कारण नोंद वाढवताना यादी मेमरीत दुसरीकडे हलू शकते. म्हणून तिचा जुना पॉइंटर दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवू नका.

ही फंक्शनं पॉसिक्स 1003.1ई च्या 17व्या मसुद्यातली आहेत, आणि तो मसुदा पुढे मागे घेतला गेला. तेव्हा प्रत्येक फंक्शनचं मॅन पेज उघडून आधी पाहा. मेमरी कोणी आणि कशाने सोडायची, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.