पहिल्या फुलाची अकरा वर्षे



वेदीवर किंवा लग्नाच्या सजावटीत ऑर्किडची जांभळी-पांढरी फुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. मराठीत या फुलांच्या कुळाला 'आमरी' असेही म्हणतात. फुले बाजारातून आणली, फुलदाणीत मांडली की आपले काम झाले. ऑर्किडचे बी पेरल्यापासून पहिले फूल यायला किती काळ लागतो, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. घरोघरी कुंडीत दिसणाऱ्या फॅलेनोप्सिसला साधारण दोन-तीन वर्षे लागतात. मोठ्या फुलांच्या कॅटलियाला पाच ते सात वर्षे लागू शकतात. काही जातींना त्याहूनही जास्त. आज आपण अशाच एका जातीची हकिकत पाहू. वाट पाहण्याच्या काळात नेमके काय घडत असते आणि वाट पाहणाऱ्याचे काम काय, हे त्यातून आपल्याला शिकता येईल.

मरियेचा जोडा

युरोपच्या थंड डोंगराळ भागात एक रानटी ऑर्किड उगवते. तिच्या फुलाची पिवळी पाकळी फुगीर जोड्यासारखी दिसते. इंग्रजीत तिला 'लेडीज स्लिपर' म्हणतात. युरोपातील जुन्या वनस्पतिग्रंथांत तिचे नाव 'कॅल्सिओलस मारिए', म्हणजे मरियेचा छोटा जोडा, असे आढळते.

इंग्लंडच्या उत्तर भागात हे फूल एके काळी बऱ्याच ठिकाणी फुलत असे. पण सौंदर्यच त्याच्या मुळावर आले. लोकांनी फुले तोडून विकली, हौशी संग्राहकांनी झाडे मुळासकट उपटून नेली. 1917 मध्ये ही जात इंग्लंडमधून नाहीशी झाली असे जाहीर करण्यात आले. मग 1930 मध्ये यॉर्कशायरच्या डोंगरांत एकच झाड सापडले. ज्यांना ते ठाऊक होते त्यांनी ती जागा गुप्त ठेवली. फुलांच्या दिवसांत तिथे राखणदार बसू लागले. 1970 मध्ये या झाडाची काळजी घेण्यासाठी एक समिती स्थापन झाली आणि हाताने परागीभवन करून बी धरण्याचे प्रयत्न सुरू झाले. लंडनच्या क्यू उद्यानात 1983 पासून रानटी ऑर्किडची रोपे तयार करण्याचा प्रकल्प सुरू झाला. तिथे वाढवलेली रोपे 1989 पासून पुन्हा डोंगरात लावण्यात आली. त्यांपैकी एका रोपाला पहिले फूल आले ते 2000 साली. म्हणजे लावल्यानंतर अकरा वर्षांनी, आणि ते एकटे झाड सापडल्यानंतर सत्तर वर्षांनी.

1930 साली ज्यांनी ती जागा जिवापाड जपली, त्यांतल्या किती जणांनी हे फूल पाहिले असेल?

बियाला सोबत लागते

इतका वेळ का लागतो? ऑर्किडचे बी धुळीच्या कणासारखे असते. एका बोंडात अशी हजारो बिया असतात. भाताच्या किंवा वालाच्या दाण्यात अंकुरासाठी शिदोरी बांधलेली असते. ऑर्किडच्या बियात तशी शिदोरी जवळजवळ नसतेच. जमिनीतली विशिष्ट बुरशी त्या बियात शिरते आणि त्याला अन्न पुरवते, तेव्हाच ते रुजते. नोएल बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे रहस्य 1899 मध्ये उलगडले. पुढे 1922 मध्ये अमेरिकेतील लुईस नुडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय, बाटलीत ऑर्किडचे बी रुजवून दाखवले. पण बुरशी असो वा साखर, कुणीतरी भरवल्याशिवाय हे बी वाढत नाही.

रानात रुजलेले मरियेच्या जोड्याचे रोप पहिली काही वर्षे जमिनीखालीच असते. वर हिरवे काहीच दिसत नाही. मग एखादे पान येते. दर हिवाळ्यात वरचा भाग वाळून जातो. पाहणाऱ्याला वाटते, झाड मेले. पण जमिनीखालचे खोड दर वर्षी थोडे जाड होत असते, आणि पुढच्या वर्षीचा कोंब आदल्या वर्षीच तयार होऊन बसलेला असतो. पुरेसा साठा झाला की मगच फूल येते.

शक्यता आणि प्रत्यक्षता

अ‍ॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने 'शक्यता' आणि 'प्रत्यक्षता' असा भेद केला. बियात झाड प्रत्यक्षात नसते, पण ते अजिबात नसते असेही नाही. शक्यतेच्या रूपाने ते असते. दगडात ते तसेही नसते. पण अ‍ॅरिस्टॉटलने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती आपण विसरतो. शक्यता आपली आपण प्रत्यक्षात येत नाही. जे आधीच प्रत्यक्षात आहे, असे काहीतरी तिला पुढे आणावे लागते. ऑर्किडच्या बाबतीत ती बुरशी असते, तो राखणदार असतो, तो माळी असतो. म्हणून वाट पाहणारा हा बाजूला उभा राहिलेला प्रेक्षक नव्हे. तो त्या वाढीचा एक भाग आहे.

थांबणे आणि सोडून देणे

इथे दोन चुका होऊ शकतात. पहिली उतावळेपणाची. मुळे धरली का, हे पाहण्यासाठी रोप पुन्हा पुन्हा उपटले तर ते मरते. दुसरी चूक दुर्लक्षाची. 'येईल तेव्हा येईल' म्हणत कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, तर ऑर्किड गर्द हिरवी पाने काढत राहते, पण फुलत नाही. कमी प्रकाश हे फूल न येण्याचे एक नेहमीचे कारण आहे. जाणकार माळी मुळांना हात लावत नाही, पण पानांचा रंग रोज पाहतो. उजेड कमी वाटला तर कुंडी हलवतो. थांबणे म्हणजे सोडून देणे नव्हे.

आता आपल्या घरांकडे पाहू. एखादे मूल वर्गात इतरांपेक्षा उशिरा वाचायला शिकते आणि दर परीक्षेनंतर शेजारच्या मुलाचे गुण त्याच्या तोंडावर मारले जातात. व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या मुलाचे खिसे रोज तपासले जातात. लग्नाला वर्ष झाले नाही तोच सुनेला दर महिन्याला 'काही बातमी?' असे विचारले जाते. आपल्याला वाटते, ही काळजी आहे. खरे तर हे मुळे उपटून पाहणे आहे. उलट, त्याच मुलाजवळ रोज पंधरा मिनिटे पुस्तक घेऊन बसणे, परतलेल्या तरुणाला कामाला सोबत नेणे, सुनेला तिच्या मनाप्रमाणे बोलू देणे, हे कुंडी उजेडात ठेवणे आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हजारो बियांतून फारच थोडी झाडे फुलतात. वाट पाहिली म्हणून फूल येईलच, अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. यॉर्कशायरच्या राखणदारांनाही ती नव्हती. पण त्यांनी राखण सोडली असती, तर 2000 साली फूल येण्याची शक्यताच उरली नसती. हमी नसताना केलेली राखण यालाच आपण निष्ठा म्हणतो.

या आठवड्यात कुटुंबात बोलण्यासाठी

1. आपल्या घरात कुणाच्या वाढीची आपण मुळे उपटून पाहत आहोत?
2. कुणाला आपण अंधाऱ्या कोपऱ्यात विसरलो आहोत?
3. ज्याचे फळ कदाचित आपण पाहणार नाही, असे कोणते काम आज आपल्या हाती आहे?

तुमचे फादर