घर सहा महिने बंद, लॅपटॉपच्या बॅटरीचं काय?

प्रश्न : दिवाळीच्या सुमारास आम्ही ऊसतोडीला जातो, घराला कुलूप. मुलीचा जुना लॅपटॉप पत्र्याच्या पेटीत असतो. परतल्यावर तो चालूच होत नाही. फुल चार्ज करून ठेवावा का?
– एक वाचक, वडवणी, जि. बीड

उत्तर : फुल नको, रिकामाही नको. ५० टक्क्यांच्या आसपास आणा आणि ‘शट डाउन’ करा. नुसतं झाकण मिटलं तर तो आतल्या आत वीज खात राहतो. बॅटरी पार तळाला गेली की तिचं संरक्षक सर्किट चार्जच घेऊ देत नाही; तुमच्याकडे बहुधा हेच होतंय. खटका सरकवून निघणारी बॅटरी असेल तर काढून वेगळी ठेवा.

खरा वैरी उन्हाळा. फुल चार्ज असलेली लिथियम-आयन बॅटरी ४० अंशांत वर्षभर पडून राहिली, तर साधारण एक तृतीयांश क्षमता कायमची जाते. निम्म्या चार्जवर, २५ अंशांत, नुकसान किरकोळ. मार्चनंतर पत्र्याखाली काय तापतं, ते तुम्हाला काय सांगायचं! त्यामुळे पेटी नकोच. गावात मागे राहिलेल्या कुणा नातेवाइकाच्या स्लॅबच्या घरात, खालच्या फळीवर ठेवा; तीन महिन्यांनी एकदा त्यांनाच अर्धा चार्ज करायला सांगा. फ्रिजमध्ये मात्र नको, ओल धरते.

परतल्यावर टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर लावू नका, थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.