सामाईक स्मृतिक्षेत्र : संगणकातील साधनसंपत्तीची वाटणी

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटाशी मराठी मुलखाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात बाळाजी बाजीराव पेशवे व पुढे अहिल्याबाई होळकर यांच्या काळात या घाटाची बांधकामे झाली. पावसाळ्यात गंगा पायऱ्या चढू लागली की येथील सायंआरती वर, प्रसंगी गच्चीवर हलवावी लागते. वाराणसी येथे इशारा पातळी ७०.२६२ मीटर व धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत पोहोचले होते. केंद्रीय जल आयोगाच्या अनेक केंद्रांवर आता स्वयंचलित उपकरणे पातळी मोजून ती उपग्रहामार्फत कळवितात. अशा उपकरणांमधील संगणक आपली मेमरी कशी वाटून घेतो, हे समजून घेणे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरेल.

एखाद्या विशिष्ट कामासाठी यंत्रातच बसविलेल्या संगणकास अंतःस्थापित प्रणाली म्हणतात. तिच्यातील हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामधील दुवा म्हणजे ड्रायव्हर. समजा, घाटावरील एका उपकरणात पातळीमापक व कॅमेरा असे दोन्ही आहेत. कॅमेऱ्याचे चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे, प्रत्येक बिंदूस २ बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे धरल्यास दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख बाइट माहिती निर्माण होते. ड्रायव्हरने ही सर्व माहिती आपल्या मेमरीतून उपयोजनाच्या, म्हणजे ॲप्लिकेशनच्या मेमरीत उतरवून द्यायची ठरविल्यास लहान प्रोसेसरची बरीच शक्ती निव्वळ नकलेत खर्ची पडते.

यावरील उपाय म्हणजे सामाईक मेमरीचे मॅपिंग. प्रत्येक प्रोग्रामला दिसणारे पत्ते आभासी असतात; खरा पत्ता कोणता, याची नोंद पेज टेबल नावाच्या तक्त्यात असते. लिनक्समध्ये उपयोजनाने एममॅप ही विनंती केली की ड्रायव्हर त्या तक्त्यात अशी नोंद करतो की, उपयोजनाचा आभासी पत्ता थेट कॅमेऱ्याच्या मेमरीकडे नेतो. माहिती जागची हलत नाही. तिच्याकडे जाणारी वाट तेवढी नवी होते.

मात्र या बचतीबरोबर तीन जबाबदाऱ्या येतात. पहिली सीमेची. मॅपिंग पूर्ण पानांचेच होते व एक पान सामान्यतः ४०९६ बाइटांचे असते. मागितलेला आकार ड्रायव्हरने तपासला नाही, तर शेजारची मेमरीही उपयोजनास खुली होते. दुसरी जबाबदारी ताजेपणाची. प्रोसेसर वाचलेली माहिती कॅश या जवळच्या साठ्यात ठेवतो. अनेक उपकरणे मात्र प्रोसेसरला वळसा घालून मुख्य मेमरीत थेट लिहितात. अशा वेळी कॅशमधील जुनी प्रत रद्द करावी लागते, किंवा ते क्षेत्र कॅशविना मॅप करावे लागते.

तिसरी जबाबदारी क्रमाची. समजा, पातळीचे मीटर आणि मिलिमीटर सामाईक मेमरीत दोन वेगवेगळ्या जागी लिहिले जातात. पाणी ७०.९९८ वरून ७१.००२ मीटरवर गेले. म्हणजे वाढ केवळ ४ मिलिमीटरची. ड्रायव्हरने ७१ लिहिले, पण ००२ लिहिण्यापूर्वीच उपयोजनाने वाचन केले, तर त्याला ७१.९९८ हा आकडा मिळेल. पाणी धोक्याच्या पातळीखाली असूनही भोंगा वाजेल! म्हणून लेखनाच्या आधी व नंतर एक क्रमांक वाढविला जातो. वाचताना तो विषम आढळला किंवा वाचनादरम्यान बदलला, तर वाचन पुन्हा करायचे. प्रोसेसरने या लेखन-वाचनाचा क्रम बदलू नये, याचीही सोय करावी लागते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा प्रश्न ओळखीचा वाटेल. सामाईक साधनसंपत्ती वापरणारे समाज स्वतः नियम घडवून ती टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखविले; त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. स्पष्ट सीमा हे त्यांच्या तत्त्वांपैकी पहिले. फरक एवढाच की, कुरणातील गवत चरल्याने संपते, मेमरी वाचल्याने संपत नाही. संघर्ष उद्भवतो तो कोणी लिहू लागल्यावर.

म्हणून मॅपिंग सर्वत्र हितावह नाही. पातळीचा आकडा जेमतेम काही बाइटांचा. त्याची नकल करून देणेच स्वस्त व सुरक्षित. कॅमेऱ्याच्या चित्रासाठी मात्र मॅपिंग योग्य. नकलेचा खर्च आणि समन्वयाचा खर्च यांची तुलना करूनच निवड करावी. कारण पुराच्या वेळी चुकीच्या आकड्याची किंमत संगणक नव्हे, घाटावरची माणसे मोजतात.